मोर थांबतो ती जागा

मोखाडा, ३ मार्च २०२५

ती. दादा,

पत्र पाहून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोन केला की तू उचलतोस, माझा आवाज ओळखतोस आणि ठेवून देतोस. पत्राचं तसं नाही. हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेला माणूस, लिहिलेला कागद न वाचता टाकणं तुझ्या हातून व्हायचं नाही. आणि झालंच, तर प्रमिलावहिनी आहे. वहिनी, तू हे मोठ्याने वाच. दादा पेपर तोंडापुढे धरून बसेल. बसू दे. पान उलटल्याचा आवाज आला नाही, तर समज, ऐकतोय.

आमचं ठीक चाललंय. लग्नसराई तोंडावर आहे. दाभोशाला नदीकाठी एक मोठं लग्न घेतलंय, मंडपही माझा आणि साउंडही माझा. सायकलला एक कर्णा बांधून गावोगाव फिरायचो तेव्हा तू म्हणायचास, तुळशीदास, तू सगळ्या तालुक्याला बहिरा करणार. तसं झालं नाही, दादा. तालुक्याला माझ्यामुळे ऐकू येतं.

मुद्द्यावर येतो. यंदा आपल्या पाड्याचा बोहाडा अक्षय्य तृतीयेला बसतोय. वहिनी, तू सिन्नरची. तू घरात आलीस त्याआधीच दादा मास्तर झाला होता आणि सोंग सोडून बसला होता, म्हणून तुला नीट सांगतो. बोहाडा म्हणजे मुखवटे घालून नाचायची देवादिकांची सोंगं, आणि त्यात एकेक सोंग एकेका घराचं असतं. पहिल्या संध्याकाळी गणपती येतो आणि त्याच्या मागून सरस्वती. ती आपल्या घरची. तोंडावर कागदाच्या लगद्याचा मुखवटा, कमरेला बांबूचा मोर. नाचणारा दोन पायांवर चालतो, पण बघणाऱ्याला वाटतं, देवी मोरावर बसून आली. निदान दादा नाचायचा तेव्हा वाटायचं. आज नाशिकच्या तुझ्या घरात चष्मा लावून बसलेला हा गृहस्थ, वहिनी, या मुलखातली सर्वांत देखणी बाई होता.

दादानंतर आपला चुलतभाऊ मधु नाचायचा. मधु मनाने चांगला, पण त्याच्या पायाखाली मोराचा बैल व्हायचा. तो आता वापीला कारखान्यात आहे, येत नाही. मागच्या वर्षी सोंग खुंटीवरच राहिलं. भिकाबाबा, जो बोहाड्याचा कारभार बघतो, तो परवा दुकानात येऊन सांगून गेला, "औंदा बी खुंटीवरच राह्यलं तं देवी दुसऱ्या घराला द्यावी लागंल." मी नाचू शकत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. देवाने माझ्या कानांत जे घातलं ते पायांतून काढून घेतलं. मला नि पारूला पोर नाही. तुझी एकच मुलगी, उजी.

तेव्हा विचार कर, एवढंच.

बाकी, दुकानावरच्या माळ्यावर, जिथे मी फळ्या आणि गाद्या ठेवतो, तिथे भिंतीला कमरेच्या उंचीवर एक लाकडी दांडा ठोकलाय. पारू त्यावर टॉवेल वाळत घालते.

तुझा,
तुळशीदास

ता. क. उजीचा या पत्राशी काही संबंध नाही.


मोखाडा, धुळवड, १४ मार्च

ती. दादा,

वहिनीने पारूला फोन करून विचारलं म्हणे, टॉवेल वाळत घालायला अंगण असताना माळ्यावर दांडा कशाला. वहिनी, तू शिक्षिका व्हायला हवी होतीस.

बरं, ऐका. उज्ज्वला इथे आहे. शिमग्याच्या आधीच आली. ठाण्याच्या क्लासमधून दोन महिन्यांची रजा काढलीय.

आता पेपर खाली ठेव आणि रागव. रागावून झालं की पुढे ऐक. जव्हारच्या शाळेतली तुझ्यासारखी मास्तरकीची पक्की नोकरी सोडून ती ठाण्याला बॅले शिकवायला गेली, म्हणून तू तिच्याशी बोलणं टाकलंस. तिची ट्रंक मी माझ्या टेम्पोतून पोचवली म्हणून माझ्याशीही. ट्रंक जड होती, दादा. आजही कोणी सांगितलं तर पोचवीन. पण ती काय करते ते तू कधी पाहिलं नाहीस आणि मीही पाहिलं नव्हतं. तोकडे कपडे आणि परक्यांचा नाच, एवढंच तुझं म्हणणं. कपडे मलाही कळत नाहीत. आवाज कळतो.

मी खाली गल्ल्यावर बसतो, ती वर फळ्यांवर सराव करते. पहिल्या दिवशी मला वाटलं, वर कोणी नाहीच. पारू म्हणाली, "अहो, पोरगी उड्या मारतेय वर." मी कान लावला. उडी मारताना फळी किंचित करकरते, पण खाली येताना काही नाही. मांजर उतरावं तसं. संध्याकाळी विचारलं, तर म्हणाली, "काका, हीच तर खरी मेख आहे. वर सगळेच जातात. खाली येताना आवाज झाला तर बाई पुन्हा पहिल्यापासून करायला लावतात."

मग मी वर जाऊन बसलो. ती दांड्याला हात लावून उभी राहते, टाचा जुळलेल्या आणि दोन्ही पायांचे चवडे बाहेरच्या अंगाला वळलेले, इतके की पारूला वाटलं पोरीचे पाय लहानपणी मोडले होते की काय. उजी म्हणाली, पाय घोट्यातून वळवायचा नाही, मांडीच्या खुब्यातून वळवायचा, मग तो कुठल्याही बाजूला मोकळा उचलता येतो. पाय ठेवायच्या पाच जागा ठरलेल्या आहेत आणि जगात कुठेही जा, त्याच पाच. नाच त्यांतल्याच एकीतून निघतो आणि तिथेच परत येतो. सगळे शब्द फ्रेंच. नुसते गुडघे वाकवायचे तर त्याला प्लिए म्हणायचं. पारू आता भांडी घासायला बसताना म्हणते, "मी प्लिए करून येते."

आता खरी गोष्ट. परवा ती दांडा सोडून मध्ये आली आणि टाचा उचलून बारीक बारीक पावलं टाकत खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेली. कमरेच्या वर काही हलत नव्हतं. मी सवयीने डोळे मिटले. दादा, मला आपलं पाड्यावरचं पटांगण ऐकू आलं. मी संबळवाल्याच्या मांडीला टेकून बसायचो आणि तू मोर घेऊन यायचास, तेव्हा शेणाने सारवलेल्या जमिनीवर तुझ्या चवड्यांचा जो आवाज व्हायचा, सुपात तांदूळ सरकल्यासारखा, तोच. तिने तुला नाचताना कधी पाहिलं नाही. कुणी शिकवलं तिला?

मी तिला सांगितलं. ती जिन्याच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "काका, आबांचा नाच मला ऐकवा."

तेव्हापासून हा आमचा धंदा. मी टेबलावर बोटांनी तुझा सगळा नाच वाजवतो आणि ती त्यावरून पावलं शोधते. "इथे एक पाय की दोन?" "दोन, पण डावा जरा आधी." "इथे फिरले का?" "चाळांचा आवाज लांब गेला होता, म्हणजे फिरला असेल." असं करत करत जवळजवळ सगळा जमलाय. एक जागा सोडून. गणपती निघून गेल्यावर, तिसऱ्या फेरीत, टेंभ्यावर राळेची पूड उडवून भडका करायचे तेव्हा तू मध्यावर यायचास आणि मग काहीच ऐकू यायचं नाही. पाय नाही, चाळ नाही. संबळसुद्धा थांबायचा. लोक हात जोडायचे. मग एकदम सगळं परत सुरू. तिथे तू काय करायचास? मी तर डोळे मिटून ऐकत होतो. शांततेचं काय वाजवून दाखवू?

पाड्यावर पाहिलेले म्हातारे म्हणतात, देवी अंगात यायची. उजीला ते पुरत नाही. तिला विचारायचंय, वजन कुठल्या पायावर होतं.

तूच सांगू शकतोस. एक ओळ लिही.

तुळशीदास


मोखाडा, २९ मार्च

ती. दादा,

ओळ आली नाही. हरकत नाही.

काल उजीला घेऊन भिकाबाबाच्या अंगणात गेलो. मुखवटे रंगवायचं काम चाललंय, रावणाची तोंडं ओळीने वाळत घातलेली. मी विषय काढला, सरस्वती आपल्या घरची आणि आपल्या घरची मुलगी नाचणार. भिकाबाबाचा ब्रश थांबला.

"बाईमानसानं सोंग नाचायचं? आजवर नाचलंय का कोनी?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात उजी त्याच्या समोर उकिडवी बसली. "बाबा, तुम्हाला एक गोष्ट सांगू? रंगवत राहा, नुसतं ऐका."

आणि तिने बॅलेची अख्खी वंशावळ सांगितली. मी तुला जशी ऐकली तशी सांगतो. इटलीतल्या राजेलोकांच्या लग्नांत मोठमोठ्या जेवणावळी व्हायच्या, त्यांत नाच बसवायचे. तिथली एक मुलगी फ्रान्सच्या राजघराण्यात सून म्हणून गेली आणि माहेरचा नाच सासरी घेऊन गेली. पुढे त्या घराण्यातला एक राजा स्वतःच नाचायला लागला. सूर्याचं सोंग घ्यायचा, डोक्याभोवती सोन्याचे किरण.

"राजा नाचायचा तं राज्य कोन चालवायचा?" भिकाबाबाने विचारलं.

"नाचता नाचताच चालवायचा, बाबा. दरबारात कोण कुठे उभं राहणार, कोण किती वाकणार, तोही नाचच."

"म्हंजे आपली पंचायत समिती."

राजाने नाचाची शाळा काढली. पायाच्या त्या पाच जागा तिथल्याच एका गुरुजीने ठरवल्या म्हणतात. पुढे राजाचं वय झालं, त्याने नाचणं सोडलं, पण शाळा राहिली आणि नाच दरबारातून नाटकगृहात आला. सगळे मुखवटे घालून नाचायचे. आणि तिथे बायकांची सोंगं पुरुषच घ्यायचे.

इथे भिकाबाबाने ब्रश खाली ठेवला. "त्यांच्यात बी?"

"त्यांच्यातही. मग एका वर्षी बायका स्टेजवर उतरल्या."

"कोन उतरू दिलं?"

"ते मला माहीत नाही. पण एकदा उतरल्यावर त्यांना खाली बसवणारा कोणी निघाला नाही."

मग म्हणे एकीने उंच टाचेचे बूट टाकून दिले, कुणी झगा घोट्याच्या वर घेतला. लोकांनी नावं ठेवली. पण पाय दिसल्याशिवाय पायांचं काम दिसणार कसं? मग चेहरा दिसावा म्हणून मुखवटेही गेले. आणि मग बायका बोटांच्या टोकावर उभ्या राहायला लागल्या. पांढरे झिरझिरीत झगे, चांदण्यात फिरणाऱ्या मेलेल्या मुलींच्या गोष्टी, जमिनीला पाय लागतच नाहीत असं वाटावं म्हणून. पुढे तोच नाच रशियात गेला आणि तिथे आणखी कडक झाला.

"भुतं आपल्याकडं बी हायेत," भिकाबाबा म्हणाला, "पन अशी हलकी नाय. आपलं भूत मानगुटीवर बसलं का कळतं." मग जरा थांबून, "आनि तू बी आमचा मुखवटा काढून टाकनार?"

"नाही बाबा. त्यांनी काढला. मला घालायचाय."

म्हातारा पुन्हा ब्रश रंगात बुडवायला लागला. तेव्हा ओट्यावर नागली निवडत बसलेली त्याची बायको गंगी बोलली. दादा, तिचा आवाज अजून तसाच आहे, माईक लागत नाही.

"मोहिनीचं सोंग घेऊन माझं नवं लुगडं फाडलं होतंत तुम्ही. त्याला कोनाचा विटाळ झाला नाय. आता लुगडंवालीच नाचंल तं देवीचं काय जानार हाय?"

हसून हसून रावणाची तोंडं हलली. पण भिकाबाबा कारभारी आहे, कारभाऱ्यासारखाच वागला. म्हणाला, "माझं काय नाय. ज्या घरचं सोंग त्या घरच्या थोरल्यानं बांधायचं, ही रीत हाय. हेमंत मास्तर येऊन सोताच्या हातानं पोरीच्या कमरेला मोर बांधील, तं नाचू दे तिला. नाय आला, तं सोंग दुसऱ्या घराला. मग माझ्याकडं येऊ नको."

झालं. त्याने चेंडू तुझ्या अंगणात टाकलाय. मी बांधू शकत नाही, मी धाकटा. आता देवी घरात राहते की जाते, ते तुझ्या हातात आहे. अक्षरशः हातात, गाठ मारायची आहे.

तुळशीदास


मोखाडा, १३ एप्रिल

ती. दादा,

वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे पारूकडून कळलं. वहिनी, डॉक्टरने घाटाचा प्रवास बंद केलाय तर ऐक त्याचं. मी आहे ना कळवायला.

इकडे मोठा गोंधळ झाला, तो सांगतो म्हणजे तुझं दुखणं जरा हलकं होईल.

उजीचे ते टोकावर उभं राहायचे बूट आहेत. गुलाबी साटिनचे, फितीवाले, पुढचं टोक लाकडासारखं टणक. नवे आणले की टकटक वाजतात, म्हणून ती ते जिन्याच्या पायरीवर आपटून आपटून आवाज मारते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं खाली गिऱ्हाईक भांडायला आलंय. तर ते बूट धुळीने मळले होते. पारूचं पोरीवर प्रेम. उजी नदीवर गेली असताना पारूने ते बादलीत भिजवले, साबण लावून घासले आणि कुरडयांच्या शेजारी गच्चीवर वाळत घातले.

संध्याकाळी पाहिलं तर बुटांचे मोजे झाले होते. दादा, आत लाकूड नसतंच. कापडाचे आणि कागदाचे थर, मध्ये खळ. थेट आपल्या मुखवट्यासारखंच. पारू कपाळ धरून बसली, "मला वाटलं परदेशी वस्तू, आत काहीतरी भारी असंल. आत तं लगदाच." उजी आधी पांढरी पडली आणि मग जी हसत सुटली, ती जेवणापर्यंत हसत होती.

मी बूट घेऊन भिकाबाबाकडे गेलो. त्याने चिंचोक्याची खळ लावली, आतून कागद चिकटवला, उन्हात ठेवला. उत्साहाच्या भरात तीन थर जास्त दिले. परत आले तेव्हा ते बूट राहिले नव्हते, खडावा झाल्या होत्या. त्यांनी खिळा ठोकता आला असता. आपलं काम चांगलं दिसावं म्हणून त्याने टोकांना रावणाचा उरलेला लाल रंगही लावला होता. उजीने ते नमस्कार करून भिंतीवर टांगले.

नवे मागवून वेळेत येणं शक्य नाही. ती म्हणाली, "काका, बरंच झालं. आबा कुठे बूट घालून नाचायचे? चवड्यावरच नाचायचे." आता अनवाणी करते. माळ्यावरच्या फळ्या सोडून पाड्यावर सारवलेल्या पटांगणात जाते. आमच्या गल्लीत म्हातारा झालेला एक टेंभेवाला आहे, त्याच्याकडून राळ मागून आणली आणि तळव्यांना चोळली. मी म्हटलं, राळ तर टेंभ्यावर उडवायची. ती म्हणाली, "बॅलेवालेसुद्धा पायाला राळच लावतात, घसरू नये म्हणून. आमच्या ठाण्याच्या क्लासात कोपऱ्यात राळेचा खोका असतो." म्हणजे एकाच झाडाचा डिंक. आपण त्याने उजेड करतो, ते पाय रोवतात.

सगळं झालं. ती एक जागा तशीच आहे. ती तिथे येते, थांबते, माझ्याकडे पाहते, मी मान हलवतो. कधी एका पायावर राहून पाहते, कधी गुडघा वाकवून. मी डोळे मिटून ऐकतो आणि म्हणतो, नाही, असं नाही. ते शांत वाजत नाही. कुठेतरी श्वास ऐकू येतो. तुझा यायचा नाही.

भिकाबाबा रोज विचारतो, मास्तरचं काय. मी म्हणतो, येतोय. तू खोटं पाडू नकोस मला.

तुळशीदास


मोखाडा, २२ एप्रिल

ती. दादा,

आज नाशिकच्या गाडीच्या कंडक्टरने स्टँडवरून एक पुडकं पाठवलं. मी दुकानात खुर्च्या मोजत होतो, कंडक्टरचा माणूस रस्त्याच्या पलीकडे होता, तेव्हाच मला कळलं आत काय आहे. तुझ्या चाळांत एक घुंगरू फुटकं आहे, ते इतरांच्या मागून जरा घोगरं बोलतं. इतक्या वर्षांनी ओळखीचा माणूस खोकावा तसं वाटलं.

पुडक्यात चिठ्ठी नव्हती, उलटून पालटून पाहिलं. चाळांचं चामडं मात्र नवं आहे आणि शिवण प्रमिलावहिनीची नाही, इतकी वाकडी. म्हणजे तू स्वतः शिवलंस.

उजीने चाळ बांधले नाहीत. मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "आबा येणार नाहीत, म्हणून हे पाठवलं का काका?"

खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं. चाळ पाठवून तू सुटलास असं समजत असशील, तर सुटला नाहीस. चाळ तिला आवाज देतील. गाठ कोण मारणार?

पुढच्या बुधवारी, अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी. नाशिकहून दुपारची गाडी त्र्यंबकमार्गे येते, मोखाड्याला थांबते. मी स्टँडवर असेन.

तुळशीदास


मोखाडा, ३ मे

सौ. प्रमिलावहिनी,

हे पत्र तुला. दादा तिथे होता, त्याला सांगायची गरज नाही. पण तुझ्या गुडघ्यामुळे तुझं राहिलं, म्हणून सगळं लिहितो. यावेळी मोठ्याने वाचायचं काम दादाकडे दे. तुझा चष्मा सापडत नाही म्हण. उजी दादाबरोबरच नाशिकला आलीय, तीही शेजारी बसेल. बसू दे.

बुधवारी मी स्टँडवर होतो. दुपारची गाडी आली, रिकामी झाली, दादा नाही. जव्हारकडे निघून गेली. मी तसाच पाड्यावर गेलो. पटांगण भरलेलं. भिकाबाबाने माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं. उजी पडद्यामागे बसली होती, मुखवटा मांडीवर, चाळ बांधलेले. गणपती नाचायला लागला. भिकाबाबा येऊन म्हणाला, "तुळशीदास, गनपती निघाला का मी दुसऱ्या घराला सांगतो. काय करू, रीत हाय."

तेवढ्यात संबळाच्या गजरात मला वहाणांची कुरकुर ऐकू आली. डावी जास्त, उजवी कमी. मी म्हटलं, थांब बाबा, आला.

हा माणूस त्याच्या मागच्या गाडीने येऊन, मोखाड्याला न उतरता, पाड्याच्या फाट्यावर उतरून उतरत्या उन्हातून चालत आला होता. का, तर स्टँडवर मी भेटेन म्हणून. तुझा नवरा, वहिनी.

पडद्यामागे आला. उजी उठून उभी राहिली. दादाने छत्री माझ्या हातात दिली, बांबूचा मोर उचलला आणि तिच्या कमरेला बांधायला लागला. गाठ बरोबर बसली. मग मुखवटा. मुखवटा घालायच्या आधी उजीने विचारलं, "आबा, ती राळ उडते तिथे?"

दादाने मंडपाचा खांब एका हाताने धरला आणि पँट-शर्टातल्या या हेडमास्तरने टाचा उचलल्या. दोन्ही पाय जुळलेले, वजन दोन्हीवर सारखं, मान जरा वर. इतकंच. मग खांब सोडला. क्षणभर तसाच राहिला. मला खात्री आहे, श्वास घेतला नाही. भिकाबाबा पडदा धरून उभा होता, त्याच्या हातातून पडदा सुटला.

मग ती गेली.

काय सांगू. मोर आला, वहिनी. पोरं बसल्या जागी उठून उभी राहिली. पहिल्या फेरीत गंगी माझ्या कानात म्हणाली, "मास्तरच हाय रं हा." दुसऱ्या फेरीत तिने पदर डोक्यावर घेतला. तिसऱ्या फेरीत ती मध्यावर आली, टेंभेवाल्याने राळ मारली, भडका उडाला आणि ती टाचा उचलून उभी राहिली. संबळ थांबला. मी डोळे मिटले. काहीच नाही. तीच शांतता, जशीच्या तशी.

पण ती उतरेना. दादा जितका थांबायचा तितकं झालं, त्याहून जास्त झालं. भडका विझला, टेंभेवाल्याने दुसऱ्यांदा राळ मारली, तरी ती वरच. संबळवाला काठी वर धरून बसलेला. तिथे पुढे काय झालं ते मी शेवटी सांगतो. मग चाळ बोलले, फुटकं घुंगरू मागून बोललं, आणि सगळं पटांगण एकदम श्वास घेतं झालं.

सोंग घरात राहिलं. भिकाबाबाने नारळ दिला आणि उजीला म्हणाला, "पुढल्या साली लवकर ये, मुखवट्याचं नाक मोडलंय, बसवायला शिकवतो तुला. खळीचा हात तुझ्या काकीपेक्षा बरा हाय का बघू." पारू अजून त्याच्याशी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी चहाला मी दादाला विचारलंच. चाळीस वर्षांपूर्वी जिथे लोक हात जोडायचे, त्या जागी देवी यायची का? दादाने बशीत चहा ओतला. म्हणाला, "राळ उडाली की डोळ्यांपुढे अंधार व्हायचा. मुखवट्याची भोकं बारीक. पुढचं काही दिसायचं नाही. मोर घेऊन कुणाच्या अंगावर पडू नये म्हणून जागेवर उभा राहायचो. टाचा का उचलायचो, तर वरून जरा दिसतं का बघायला."

उजी हसली नाही. म्हणाली, "आबा, बॅलेमध्ये ते शिकायला आम्हाला वर्षं लागतात." आणि वहिनी, तू पाहायला हवं होतंस, दादा गालातल्या गालात हसला. मग तिला विचारलं, त्या पाच जागा कुठल्या, दाखव. आणि माळ्यावर गेले दोघं. मी खाली गल्ल्यावर. वरून एकाचेच पाय ऐकू येत होते, कोणाचे ते मी सांगणार नाही. पण ते उतरताना आवाज करत होते.

आता राहिलेलं. ती तिथे वर उभी असताना दादा माझ्या शेजारी होता, पडद्याच्या काठाशी. त्याला वाटलं, कोणी ऐकणार नाही. उजी लांब होती, कानांवर मुखवटा होता, तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं, तरी ते म्हटल्यावरच ती उतरली. दोन वर्षांत मुलीशी बोललेला तुझा पहिला शब्द, दादा, आणि तोही तिला ऐकू येणार नाही अशा जागी. माझे कान तुला माहीत असायला हवे होते.

तू म्हणाला होतास ते जसंच्या तसं पुढे लिहिलंय. थांबू नकोस, चष्मा पुसू नकोस, पोरगी शेजारीच बसलीय. वहिनीला ऐकू जाईल असं वाच:

"उतर आता, उजे. पाय दुखतील."